रोलमधले शेवटचे दोन

माझा भाऊ लढाईवरून सुखरूप परत आला तेव्हा त्यानं येताना सगळ्यांना काही ना काही आणलं. आईला ब्लँकेट, वडिलांना वस्तरा आणि मला एक काळा डबा. "कॅमेरा हाय. वरनं काचंत बघायचं, हा खटका दाबायचा, झालं," म्हणाला. माझं सासर मंगळवार पेठेत. तिथं तो डबा घेऊन आले तेव्हा पदराला तीन वर्षांची पोर होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डबा उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यात काय पानसुपारी ठिवायची व्हय?"

मामंजी संस्थानच्या दप्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि ते घरी बसले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे शाळेत मास्तर, सकाळी जे जायचे ते शिकवण्या आटपून दिवेलागणीला यायचे. त्यामुळं दिवसभर घरात मी, मामंजी आणि पोर एवढीच माणसं.

घरामागं लहानसं परडं होतं. जास्वंदीचं एक दांडगं झुडूप, कर्दळी, मोगरा, धुण्याच्या दगडापाशी अळू. मी त्यांचे फोटो काढायला लागले. माणसांचे काढावेसे मला कधी वाटलेच नाहीत. कॅमेरा दिसला की चांगली हसतीखेळती माणसं ताठ उभी राहून गुन्हेगारासारखं तोंड करतात. आमचे हे म्हणायचे, "फुलांचं काय फोटो काढतीस? फुलं काय गाव सोडून चाललीत?" भाकरी झाल्या, चूल सारवली, की भांडी घासायला बसायच्या आधी पाच मिनिटं परड्यात जायची. सकाळचं ऊन कर्दळीच्या पानामागून यायचं आणि पानातली शीर न् शीर दिसायची. आमच्या परड्यात राखेचा ढीग होता, फुटकी घागर होती, शेजारणीची चिरगुटं भिंतीवरून लोंबत असायची. पण डबा जरा वळवला की त्या काचेत ह्यातलं काही नसायचं. काय दिसावं नि काय दिसू नये हे मी ठरवायची. घरात बाकी काहीच माझ्या मर्जीनं होत नव्हतं, म्हणून त्या पाच मिनिटांत मला किती आनंद व्हायचा ते सांगून खरं वाटणार नाही.

पहिल्या रोलमधली सगळी फुलं पुसट आली. स्टुडिओवाले हसले. म्हणाले, हा डबा लांबचं बघतो, जवळचं त्याला दिसत नाही, घरात कुणा म्हाताऱ्याचा वाचायचा चष्मा असेल तर त्याची काच भिंगापुढं धरा. त्या चष्म्यातून उन्हाचा ठिपका जितक्या अंतरावर बारीक पडतो, तितकंच फूल लांब ठेवा. मामंजी दुपारी झोपले तेव्हा मी त्यांचा चष्मा उचलला आणि परड्यात त्यांच्याच वर्तमानपत्रावर ठिपका पाडून बघितला. अंतर दीड वीत निघालं, आणि पेपरला भोक पडलं. जळका वास आला तसे मामंजी उठून आले. "डोळं माझं, पेपर माझा, आणि फोटो कर्दळीचं!" असं दोन दिवस ऐकवत होते. पण पुढच्या रोलमध्ये मोगऱ्याची कळी दवासकट आली. ती त्यांनी बराच वेळ हातात धरली आणि मग म्हणाले, "चष्मा भारीच हाय माझा."

पोर नऊ वर्षांची झाली त्या वर्षी तिचे सांधे सुजायला लागले. आज गुडघा, उद्या मनगट. ताप यायचा नि जायचा. आम्ही वाताचं औषध चोळत बसलो, आणि दुखणं काळजावर गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं, उशीवरून मानसुद्धा उचलायची नाही. एकदा मामंजींनी आणि ह्यांनी मिळून तिला अंथरुणासकट परड्याच्या दारापर्यंत नेली होती. पोरीचे ओठ निळे पडले. पुन्हा कुणी तसं केलं नाही. माजघरात खाट आणि वर बारकं गवाक्ष, तेवढंच तिचं जग उरलं. परड्यातलं प्रत्येक झाड तिनं माझ्याबरोबर पाणी घालून वाढवलेलं, आणि ते तिला पंधरा पावलांवरून दिसत नव्हतं.

चैत्रात जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं. छातीइतक्या उंचीवर, आत वाकून बघितलं तर तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर तांबडे ठिपके. मी तिला जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. "किती मोठी हाईत? हलत्यात का? आई बसती का बा बसतो?" मी पाटीवर घरटं काढून दाखवलं तर म्हणाली, "हे वांगं हाय." घरटं काही उचलून आणता येत नव्हतं. मग तीच म्हणाली, "फोटो काढ की गं. मला फोटोत बघायचंय."

नवा रोल भरला. आठ फोटोंचा. पक्षीण उडून गेली की मामंजी आणि मी दबकत जायचो. स्टुलावर कॅमेरा ठेवायचा, मामंजी स्वतः चष्मा काढून भिंगापुढं धरायचे, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं धड दिसायचं नाही, म्हणून खटका वाजला की विचारायचे, "हुतं का आत? बघितलंस नव्हं?" एक फोटो अंड्यांचा. एक पिल्लं बाहेर आली त्या दिवशीचा, नुसते मांसाचे गोळे. मग पिसं फुटताना, मग डोळे उघडल्यावर. पिल्लं मोठी होत होती तशी पोर रोज विचारायची, "फोटो आलं का?"

सहा झाले. पाठीमागच्या तांबड्या काचेत सहाचा आकडा दिसत होता आणि मी थांबले. माझा धाकटा दीर कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता, त्याचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. हे म्हणाले होते, दोन राखून ठेव, एक नवरानवरीचा आणि एक सगळ्यांचा. मलाही ते पटलं. अर्धवट रोल धुवायला टाकायचा हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. ताटात टाकून उठल्यासारखं वाटलं असतं.

पिल्लं एके सकाळी उडून गेली. मी पोरीला सांगितलं.

"तिन्ही?"

"तिन्ही गेली. शेवटचं जरा घाबरत हुतं."

"आणि फोटो?"

"अजून दोन ऱ्हायल्यात गं. काकाचा साखरपुडा झाला की देऊ धुवायला."

ती म्हणाली, "माझं काढ की दोन. म्हणजे संपला रोल."

मी दचकले. आजारी माणसाचा फोटो काढू नये, काढला की माणूस हाती लागत नाही, असं आमच्यात मानायचे. मीही मानत होते, शाळा शिकलेली असून. म्हटलं, "बरी हो आधी. नवं परकर-पोलकं घालून काढू."

"मग भिंतीचं काढ."

मी हसले. खरोखर हसले. म्हटलं, "भित्तीचा कोण फोटो काढतं का, येडे?" आणि भांडी घासायला निघून गेले.

तिनं हट्ट केला नाही. तिनं हट्ट करायला हवा होता. निरोगी असताना एका रिबिनीसाठी घर डोक्यावर घेणारी पोर, पण त्या दिवशी तिच्यात तेवढं त्राण नव्हतं, आणि मला वाटलं, समजूतदार झाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. पाणी मागितलं म्हणून मी तांब्या घेऊन आले, तेवढ्यात.

डॉक्टर म्हणाले, वाचण्यासारखी नव्हतीच. म्हणजे औषधात माझी चूक नव्हती, देवाधर्मातही नव्हती. मला ते मान्य आहे. पण तीन पिल्लं बघायची एवढीच तिची मागणी होती आणि ती माझ्या हातात होती. खटका दोनदा दाबायचा. भिंत समोर होती. साखरपुड्याला दुसऱ्या कुणाचा कॅमेरा मागून आणता आला असता, किंवा फोटो निघालेच नसते तर कुणाचं काय बिघडलं असतं? ह्यांच्यावरही मी चिडले होते, दोन राखायला सांगितलं म्हणून. पण ह्यांनी नुसतं सांगितलं होतं, पोरीला नाही म्हणाले ते मी. इतकी वर्षं झाली तरी मी स्वतःला ह्या बाबतीत माफ केलेलं नाही आणि करायचं कारणही मला दिसत नाही.

साखरपुडा पुढं गेला. कॅमेरा फडताळात पडून होता. मी त्याच्याकडं बघत नव्हते. तेरावा झाल्यावर एक दिवस मामंजींनी फेटा बांधला, कॅमेरा पिशवीत घातला आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडले. नंतर आठवड्यानं पुन्हा फेटा बांधून गेले आणि भर दुपारी उन्हातून परत आले. मी माजघराच्या उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होते. त्यांनी एक पाकीट माझ्यापुढं ठेवलं.

तळहाताएवढे सहा फोटो. अंड्यांचा अंधारा आला होता, दोन हलले होते. पण शेवटचा! तीन चोची उघड्या, एकीच्या कडेला काडीचं टोक, मधल्या पिल्लाच्या डोक्यावर उभं राहिलेलं पीससुद्धा दिसत होतं. असा फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. आणि मला आनंद झाला. पोर जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. तांदळाचं सूप बाजूला सारून मी उठलेसुद्धा. "आगं, हे बघ चोची!" म्हणत उंबरा ओलांडला.

खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

मी तिथंच उभी राहिले. हातातले फोटो कुठं ठेवावेत ते कळेना. रडूही येईना. मागून मामंजींचा आवाज आला, "पोरी." मला ते कधी असं हाक मारत नसत.

"हिकडं ये. मला दाव."

फोटो त्यांनीच आणले होते. स्टुडिओच्या दारात उभं राहून सगळे बघितले असणार, वाटेतही बघितले असणार. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. अंड्यांचा पहिला फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "किती हाईत?"

"तीन," मी म्हटलं.

"हलत्यात का?"

"न्हाई अजून," मी म्हटलं, आणि दुसरा दिला.