सायलेन्सरला चंदेरी रंग

दोन ट्यूबांचं इपॉक्सी मिसळलं की सडक्या माशासारखा जो वास सुटतो, त्याने मला अजून मळमळतं. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची मोडलेली बोटं सांधा न दिसू देता जोडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याच माजात मी एकदा सासऱ्यांचं झाडं कापायचं पेट्रोलवरचं कटर दुरुस्त केलं. उसनं आणलेलं ते कटर माझ्या हातून फरशीवर पडलं आणि सायलेन्सर इंजिनाला धरून ठेवणारा कान तुटला. रोह्याला त्यांच्या गोठ्यावर आंबा कलला होता, म्हणून सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी कटर न्यायला येणार होते. मेकॅनिककडे गेलो असतो तर बोभाटा झाला असता, म्हणून मीच तो कान इपॉक्सीने चिकटवला, पॉलिशपेपरने घासला आणि वर चंदेरी रंग मारला. हात इतके बरबटले की रात्री भाकरीलाही तोच वास. सकाळी सासऱ्यांनी अंगणातच कटर चालू करून पाहिलं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापून इपॉक्सीतून धूर निघाला, केस जळावेत तशी घाण सुटली, शेंबडासारखा तपकिरी ओघळ त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर गळला आणि सायलेन्सर सुटून तुळशीपाशी पडला. "जावईबापू, झाड कापायचं व्हतं, ह्याची प्रतिष्ठापना नाय करायची," ते म्हणाले. त्या घाणीपेक्षा मला माझ्या चंदेरी रंगाची जास्त शिसारी आली. आंबा शेवटी आम्ही दोघांनी दोन दिवस कुऱ्हाडीने तोडला. सासरे आजही मागेन ती वस्तू देतात, पण देताना माझ्या बायकोकडे बघून सांगतात, "पडली, मोडली तरी चालंल गो, ह्यांना रंगवू तेवढं देऊ नको."