आवडाबाईचं गाऱ्हाणं

कळव्याला राहायला आल्यापासून माझ्या कानांना सुट्टी अशी नव्हतीच. शेजारी आवडाबाई. मिठागरात राबून रापलेली, मनाने लाख चांगली, पण तोंड म्हणजे तोंड! चुलीशी बोले, कोंबड्यांशी बोले, आणि उरलंसुरलं नवऱ्याला ऐकवी. तो काळुरामही मिठागरातलाच, एकाला दोन उत्तरं देणारा. दोघांची जुंपली की मला शाळेत शिकवायला जायची तयारीसुद्धा सुचायची नाही.

त्रेपन्न साली काळुरामला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. मला वाटलं, आता तरी ही गप्प होईल. कसलं काय! त्याच्या उशाशी बसून ती दिवसभर ओरडायची, "बोल ना रं! येक शबूद तरी बोल!" तो बिचारा भिंतीकडे तोंड फिरवायचा. मग ही रडायची, आणि रडता रडताही बोलायची. त्याने एकदा तरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. गावदेवीला नवस झाला, भगत झाला, ठाण्याचा डॉक्टर झाला.

शेवटी तिने मठ गाठला. ठाण्याबाहेर ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. त्या एकदा आत गेल्या की जन्मभर बाहेर येत नसत. मांस त्यांना वर्ज्य, पण मासळी चाले, म्हणून आवडाबाई दर शुक्रवारी बोंबील पोचवी. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. त्यात टोपली ठेवायची, आतून कुणीतरी ते फिरवून घ्यायचं. चेहरा दिसायचा नाही, आवाज तेवढा यायचा. त्या आवाजाला तिने गाऱ्हाणं घातलं. आता गाऱ्हाण्यात नाव-गाव सांगावंच लागतं, आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आयुष्यभर 'आनंदाचा बापूस' म्हणत आलेल्या आवडाबाईने लाज गिळून, कपाटात तोंड घालून सांगितलं, "कालूराम. कलव्याचा."

पुढच्या शुक्रवारी तिने जाब विचारला, "काय सांगला देवाला?"

आतून उत्तर आलं, "काही नाही, आवडाबाई. आम्ही तासभर त्याच्यापाशी गप्प बसलो. त्याला सगळं ठाऊक असतं."

झालं! घरी येऊन तिने माझं डोकं खाल्लं. "मास्तरीणबाय, मी लाज सोरून नाव घेतला, न् त्या गप बसल्या! कलव्यान कालूराम काय येकच हाय? देवाला कसा कलंल कनचा त्यो?" मी आधीच वैतागले होते. म्हटलं, माझं काय डोकं खातेस, त्यांनाच विचार. तिने विचारलं. आवाज म्हणाला, "तुमच्या यजमानांनाच घेऊन या. आमच्याबरोबर बसा."

टांगा केला. सोबत मी, कारण माझ्या नशिबात तेच! प्रार्थनाघरात जाळीपलीकडे जोगिणी बसल्या होत्या, अलीकडे आम्ही. ना घंटा, ना गाणं. कुणाचे ओठही हलेनात. आवडाबाईची चुळबुळ सुरू झाली. पदर सारखा केला, खाकरली, मग मला चिमटा काढून म्हणते, "सुरू कवा व्हनार?" मी डोळे वटारले. दातओठ खात ती गप्प बसली. लग्न झाल्यापासून इतका वेळ बहुधा पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं. काळुरामने तोंड भिंतीकडे नाही, तिच्याकडे वळवलं होतं. धड राहिलेला हात त्याने हळूहळू सरकवला आणि तिचा हात धरला. धरूनच ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून शब्द नाही. मलाही रडू आवरेना.

वाचा काही आली नाही, पुढेही कधी आली नाही. बाहेर येऊन आम्ही त्याला टांग्यात नीट बसवलं. आवडाबाईने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, डोळे पुसले, आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यावरच डाफरली, "इतकाच पायजे व्हता, त मंग सांगाचा नाय का?"