नारिंगी जाकिटाचा फोटो

केडगावच्या सायकल मंडळाचे तीन वर्षांत काही नाही तरी सातशे फोटो निघाले असतील. त्यातल्या एकाही फोटोत वैजनाथ नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. एका फोटोच्या डाव्या कोपऱ्यात अर्धं चाक दिसतं, ते त्याचं आहे. त्यानं ते बोटांनी मोठं करून बायकोला दाखवलं होतं. पूजा म्हणाली, "चाक कुणाचंही असतं."

यात फोटो काढणाऱ्यांचा काही दोष नव्हता. मंडळाची पद्धतच अशी की, मुक्कामाच्या ठिकाणी मंडळी पोचली की आधी फोटो, मग मिसळ. वैजनाथ पोचायचा तेव्हा मिसळीतला रस्सा संपून नुसतं फरसाण उरलेलं असायचं.

नगरला कोर्टाबाहेर त्याचं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर मशीनशेजारी स्टुलावर बसून लोकांच्या सात-बाऱ्याच्या आणि वारसनोंदीच्या नकला काढायच्या. मशीन कागद पुढे सरकवायचं आणि वैजनाथचं पोट त्याच वेगानं पुढे सरकायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्यात काय मोठेपणा, म्हणून यानं सायकल घेतली, तीही एकवीस गिअरची. त्यातला एकच गिअर त्याच्या ओळखीचा होता. बाकीच्या वीस गिअरांना त्यानं कधी त्रास दिला नाही. सायकलीची ती घट्ट चड्डी मात्र हौसेनं आणली. गल्लीतून जाताना तो तिच्यावरून टॉवेल गुंडाळायचा आणि पुणे रोडला लागल्यावर सोडायचा.

मंडळाचे प्रमुख सूर्यभान आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात शिट्टी, मिशांना तेल. कुणाला काय काम द्यावं याची त्यांना बरोबर जाण. वर्षभर पाहून त्यांनी वैजनाथला बोलावलं आणि त्याच्या हातात एक नारिंगी जाकीट ठेवलं.

"आजपासून तू शेवटचा स्वयंसेवक. सगळ्यांच्या मागं राहायचं. जाकिटाच्या मागं एकही माणूस राहता कामा नये. समझे?"

"पण आबा, मी तसाही मागंच असतो."

"म्हणूनच तर. आता ऑर्डरनं राहा."

त्या जाकिटाला मंडळात मोठा मान होता. वाटेत जिथं वळण असेल तिथं अजिनाथ आपला टेम्पो लावायचा, टेबल मांडून केळी आणि पाणी ठेवायचा आणि रस्त्यावर रांगोळीनं बाण काढायचा. जाकीट पुढे गेलं की सगळे गेले. मग टेबल उचलायचं आणि बाण पुसायचा. बाण पुसायलाच हवा, कारण एकदा तो राहून गेला होता आणि एका लग्नाचं वऱ्हाड त्याच्या भरवशावर भलत्याच गावात शिरलं होतं.

वैजनाथनं त्याच दिवशी दुकानात स्वतःसाठी ओळखपत्र छापलं, लॅमिनेट केलं आणि घरी नेऊन दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'अंतिम स्वयंसेवक'. पूजानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"स्मशानभूमीच्या कमिटीवर घेतलंय का तुम्हाला?"

पद मिळालं, फोटो मात्र मिळेना. आणि इकडे पूजाच्या माहेरी शंका वाढत चालली होती. दर रविवारी पहाटे जावई कुठे जातात? सायकलीला जातात म्हणावं, तर पोट होतं तिथंच आहे. एकाही फोटोत दिसत नाहीत. त्यात तिचा भाऊ रविराज कॉलेजला जायचा आणि यांच्या घरी आला की जिन्याखालच्या सायकलीची घंटी वाजवून बघायचा.

पारनेरच्या फेरीच्या आदल्या दिवशी पूजानं निकालच दिला. "उद्या फोटोत दिसलात तर ठीक. नाही दिसलात तर सायकल रविराजला. निदान तो तरी चालवेल."

"मी चालवतो!"

"मग दिसा."

रविवारी सहाला केडगावात बत्तीस जण जमले. वैजनाथ जाकीट घालून, टॉवेल सोडून उभा होता, तेवढ्यात त्याला एक दृश्य दिसलं आणि त्याच्या काळजात पहाट झाली. पुढे टोपली असलेली एक जांभळी लेडीज सायकल, वर एकसष्ट वर्षांच्या सुमनबाई. पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर लेकीचं, प्रज्ञाचं, हेल्मेट. सुमनबाई पस्तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली बरीचशी याच रस्त्यावरच्या गावांमध्ये. त्यांनी आपली पिशवी अजिनाथच्या टेम्पोत टाकली, सगळ्यांना जय भीम केला आणि पहिलाच पायडल असा सावकाश मारला की वैजनाथला तो दोनदा मोजता आला असता.

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यापेक्षा हळू होतं! हा आनंद चासपर्यंत टिकला. मग त्याच्या ध्यानात आलं की, आपल्यापेक्षा हळू माणसाच्याही मागंच आपल्याला राहायचं आहे.

आणि सुमनबाई नुसत्या हळू नव्हत्या, त्या थांबत होत्या. चासला कुणीतरी "ओ सिस्टर!" म्हणून हाक मारली. तिथं एक चहा झाला. कामरगावात एका दाढीवाल्या गड्यानं दुचाकी आडवी घातली.

"सिस्टर, वळाखलं का?"

"तू उलटा आलेलास ना रे? पाय आधी."

"व्हय! आई अजून सांगते."

दुसरा चहा झाला. घाटात त्या उतरून चालल्या. वैजनाथही उतरला आणि मनातून त्याला बरंच वाटलं, कारण घाटात तो नेहमीच उतरायचा, फक्त आज त्याला सभ्य कारण होतं. पण घड्याळ पुढे चाललं होतं. आबांचा फोन आला.

"रिपोर्ट!"

"येतोय आबा. सिस्टर पुढं आहेत."

"साडेनऊला फोटो. अर्ध्या लोकांना परत जायचंय. एक मिनिट थांबणार नाही."

सुप्याच्या अलीकडे एका घराच्या ओट्यावरून मनकर्णाबाई नावाच्या आजींनी हात केला. सुमनबाईंनी सायकल भिंतीला लावली. "हिचं बीपी तेवढं बघते. तू हो पुढं लेकरा, मी आलेच."

तू हो पुढं. वैजनाथनं हे तीन शब्द मनातल्या मनात झेरॉक्सला टाकून दहा प्रती काढल्या. त्या स्वतःच म्हणाल्या. आता मागं थांबणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला काय रस्ता दाखवायचा? कोर्टाबाहेर बसून बसून त्याला एवढी वकिली सहज यायची. जाकीट काढून ठेवावं, असंही एकदा मनात आलं. पण जाकीट नसलं तर फोटोत माणूस उठून कसा दिसणार? ते अंगावरच राहिलं.

सुप्याच्या फाट्यावर अजिनाथ टेबलाशी उभा होता. "आले का समदे? उचलू का?"

वैजनाथच्या तोंडात केळं होतं. बोलता येत नव्हतं, असं त्यानं पुढे पुष्कळांना सांगितलं. पण मान हलवता येत होती आणि ती त्यानं होकाराची हलवली. अजिनाथनं लगेच केरसुणी उचलली.

मग वैजनाथ पारनेरच्या रस्त्याला असा सुटला की, तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं दुसरा गिअर टाकून पाहिला. सायकल खरंच पळाली! ही सोय आधीपासून होती, याचं त्याला वाईट वाटलं. वाटेत टेम्पो त्याला मागे टाकून गेला. अजिनाथनं हात केला, यानंही केला.

नऊ सत्तावीसला तो पारनेरला पोचला. नारिंगी जाकीट दिसताच टाळ्या पडल्या, कारण जाकीट आलं म्हणजे सगळे आले. आबांनी शिट्टी मारली. कुणीतरी वैजनाथला ओढून मधोमध उभं केलं आणि बॅनरची दोरी हातात दिली. त्यानं पोट आत ओढलं, श्वास धरला. फोटो निघाला. पुढच्याच मिनिटाला तो पूजाला गेला, खाली एकही शब्द न लिहिता. विजेत्यानं बोलायचं नसतं.

मिसळीत रस्साही होता.

परतीसाठी सायकली टेम्पोत चढवण्याआधी आबा फौजेच्या रिवाजानं मोजणी करतात. एकेका सीटवर थाप मारत ते शेवटपर्यंत गेले. "एकतीस." पुन्हा मोजलं. "एकतीस. एक कम. पण जाकीट तर आलंय!"

सगळ्यांनी जाकिटाकडे पाहिलं. आतमध्ये वैजनाथ होता. एवढं लख्ख दिसणारं कापड त्यानं हट्टानं अंगावर ठेवलं होतं, आता लपायचं कुठे?

"सिस्टर मागं आहेत," तो म्हणाला.

"मागं कुठं?"

"सुप्याच्या अलीकडं. म्हणजे तेव्हा होत्या."

अजिनाथचा चेहरा उतरला. "आरं बाबा, मी बान पुसलाय. मी इचारलं न्हवतं का तुला? त्या सरळ पुण्याकडं लागल्या असतील तर?"

कुणीतरी सुमनबाईंचा नंबर लावला. रिंग वाजली, अगदी जवळ, टेम्पोतल्या पिशवीत. फोन वाजायचा थांबेपर्यंत सगळे त्या टेम्पोकडे बघत राहिले.

आबांनी त्याला एक शिवी दिली असती तर वैजनाथला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "जा. घेऊन ये."

टेम्पो सुप्याकडे परत निघाला. भर हायवे, उन्हं चढलेली, बाईंजवळ पाणी किती, फोन नाही. वैजनाथ रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत होता आणि खिशातला मोबाईल सारखा टुणटुणत होता. पूजा. 'अय्या, खरंच!' मग, 'आईला पाठवला.' मग, 'मामांना पण.' मग, 'बाबा म्हणाले, जावई बारीक झाले.'

"कोन हाय?" अजिनाथनं विचारलं.

"सासरे."

"बोलवू नको त्यास्नी हितं."

सुपा तीन-चार किलोमीटरवर आलं असताना समोरून जांभळी सायकल येताना दिसली, त्याच गतीनं. वैजनाथ टेम्पो थांबायच्या आधी उतरला आणि रस्त्यावर जवळजवळ बसलाच.

सुमनबाई एक पाय टेकून उभ्या राहिल्या. घामानं हेल्मेटचा पट्टा काळा पडला होता. "आला का रे? टेबल दिसेना म्हणून घोटाळले जरा. मग केळ्याच्या साली दिसल्या, म्हटलं, इथंच होतं. चहावाल्याला पारनेरचा रस्ता विचारला." मग त्या ओशाळून म्हणाल्या, "माझ्यापायी सगळे खोळंबले असतील. पहिल्याच दिवशी तुम्हाला लाज आणली बघ मी."

ही माफी वैजनाथला कुठे ठेवावी ते कळेना. त्यानं आधी पाण्याची बाटली दिली. त्यांचं पिऊन होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्याच्या तोंडात केळं नव्हतं म्हणून सांगावंच लागलं. "तुम्ही नाही, सिस्टर. मी. फोटोसाठी पुढं पळालो. अजिनाथनं विचारलं तेव्हा सगळे गेले म्हणून मान हलवली."

"फोटोसाठी?"

"बायकोला दाखवायचा होता."

सुमनबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ताप लपवणाऱ्या पेशंटकडे पाहत असतील. "आणि मी म्हातारी समजत होते, माझंच चुकलं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "निघाला का चांगला?"

"निघाला."

"बरं. चल आता. माझ्या मागं राहा."

"टेम्पोत बसा ना सिस्टर."

"पारनेरपर्यंत सायकलनं जाईन म्हणून प्रज्ञाला सांगून आलेय. तुझ्यासारखंच मलापण घरी तोंड दाखवायचंय."

अडचण अशी की, वैजनाथची सायकल पारनेरला होती. तो टेम्पोत चढायला गेला तर अजिनाथनं दार आतून धरलं. "जाकीट गाडीत बसून येत न्हाई. पळ."

तो पळाला. पाचशे पावलं असतील. मग सुमनबाईंनाच दया आली आणि त्यांनी रस्त्याकडेच्या एका घरापुढे सायकल थांबवून हाक दिली. त्या घरातही कुणीतरी त्यांच्याच हातावर जन्मलेलं होतं. तिथून आठवीतल्या मुलीची शाळेची सायकल मिळाली, निळी, बुटकी, हँडलला रिबिनी. त्या सायकलीवर वैजनाथचे गुडघे कानाला लागत होते. पुढे जांभळी, मागे निळी, त्यामागे टेम्पो, अशी ती मिरवणूक पारनेरकडे निघाली. सुमनबाई वाटेत आणखी दोनदा थांबल्या. वैजनाथही थांबला. एका ठिकाणी त्यालाही चहा मिळाला.

साडेअकराला ते पोचले तेव्हा आबांसह आठ जण उरले होते. आबांनी शिट्टी मारली नाही. जांभळ्या सायकलीच्या सीटवर थाप मारून "बत्तीस" म्हणाले, तेवढंच. सुमनबाई म्हणाल्या, माझा फोटो कुठाय? म्हणून पुन्हा एक फोटो निघाला. त्यात पोट आत ओढायचं वैजनाथच्या लक्षातच राहिलं नाही.

घरी रविराज येऊन बसला होता. पूजानं मोबाईलवर पहिला फोटो दर्शनी लावलाही होता. वैजनाथनं टॉवेलही न सोडता सगळं सांगितलं, केळ्यासकट. मग दुसरा फोटो पुढे केला आणि जिन्याखालच्या सायकलीची किल्ली टेबलावर ठेवली.

रविराजनं किल्लीकडे हात नेला.

"थांब रे," पूजा म्हणाली. ती दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत होती. पहिल्यात बॅनरची दोरी धरलेला, छाती काढलेला एक नारिंगी गृहस्थ. दुसऱ्यात घामानं निथळणारा, रिबिनीच्या सायकलीवर गुडघे फाकून बसलेला, पोट मोकळं सोडलेला माणूस, आणि त्याच्या पुढे हेल्मेट सावरत हसणाऱ्या एक आजी.

"हे होय," ती दुसऱ्यावर बोट ठेवत म्हणाली. "पहिला बघून मी सकाळपासून विचार करत होते, हा कोण."

तिनं दर्शनी फोटो बदलला आणि किल्ली खिळ्याला अडकवली. मग रविराजला म्हणाली, "तू पुढच्या रविवारी यांच्याबरोबर जा. पण ती निळी सायकल आधी परत कोण नेऊन देणार, ते ठरवा."

कारण दुपारीच पारनेरच्या वाटेवरच्या त्या घरून फोन आला होता. मुलीची सोमवारी शाळा होती. आणि सायकल, मोजणीत बसत नाही म्हणून, टेम्पोत सगळ्यांत शेवटी चढवलेली आणि वाटेत उतरवायची राहून गेलेली, केडगावला वैजनाथच्या दारात उभी होती.