नाताळले या

मी नागपूरला मामांकडे राहायला आले तेव्हा मला मराठी येत होतं, पण बोलायची सवय नव्हती. सातव्या वर्षापासून मी डोंगरातल्या एका कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात वाढले. तिथे मराठी आठवड्यातून तीन तास, तेही पुस्तकातून. वडील रेल्वेत, कधी बिलासपूरला, कधी इटारसीला. मी आठ वर्षांची असताना आई गेली. शाळा संपली आणि कॉलेजसाठी मला मामांच्या घरी आणून सोडलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं.

मामा-मामी चांगले होते. मामा ऑफिसातून येत, चहा पीत आणि रेडिओजवळ बसत. मामी मला कामाला लावत नसत, त्यामुळे स्वयंपाकघरात उभं कुठे राहायचं हेही मला कळत नसे. कॉलेजात मुली घोळक्याने बसत. मी पुस्तक उघडून बसायचे म्हणजे कुणाची वाट पाहत नाही असं दिसे. घरी आल्यावर ओट्यावर बसायचे. समोरून गल्ली दिसे, आणि गल्लीला मी.

माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती शेजारची मुलगी. आठ वर्षांची, तिसरीतली, दोन वेण्या, एकीची रिबन नेहमी सुटलेली. कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकवून तिने विचारलं, "ताई, तू मुकी हाय का वं?"

"नाही. मला बोलता येतं," मी म्हणाले.

ती मागे वळून ओरडली, "अवं, बोलते! 'मला' म्हणते, 'मला'! पुस्तकासारखी!"

आणखी तिघी भिंतीवर चढल्या. त्या दिवसापासून "ताई, म्हण नं" हा त्यांचा खेळ झाला. मी "मला पाणी हवं आहे" म्हणायचे आणि त्या हसून लोळायच्या. मला राग यायचा नाही. कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट पाहत होतं.

डिसेंबर लागला. हॉस्टेलात डिसेंबर म्हणजे कात्री, खळ आणि गुपितं. विकतचं काहीही चालत नसे. प्रत्येकीने एकाच माणसासाठी वस्तू करायची, फेकायच्या सामानातून, आणि नाताळपर्यंत कुणाला दाखवायची नाही. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण दिवाळी मी हॉस्टेलच्या सुट्टीत कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणी म्हणून केली होती, आणि नाताळ मात्र दरवर्षी स्वतःच्या हातांनी. मामांच्या घरी डिसेंबर नुसताच थंडीचा महिना होता. एका दुपारी हात इतके रिकामे वाटले की मी मागच्या अंगणातली संत्र्याची रिकामी पेटी ओढून ओट्यावर आणली आणि आतलं तणस झटकू लागले. भिंतीवर हनुवटी आलीच.

"काय करून राहिली वं?"

मी सांगितलं. गुपिताचा भाग सांगितल्यावर चौघीही ओट्यावर येऊन बसल्या.

पुढचे दहा-बारा दिवस त्या रोज शाळा सुटल्यावर येत. संत्र्याची साल ओली असतानाच तिचे तारे कापायचे, उन्हात वाळवायचे, मग सुईने दोऱ्यात ओवायचे. काड्यापेट्या एकीवर एक चिकटवून कप्पे करायचे, ओढायला शर्टाची जुनी बटणं, आईच्या सेफ्टी पिना ठेवायला. रंग म्हणून कपड्यांची नीळ आणि मामींच्या डब्यातली हळद. खळ कणकेची. कापून उरलेले बारीक तुकडेही मी एका काड्यापेटीत साठवत होते. हॉस्टेलची सवय, काही टाकवत नाही. मामी दारातून पाहत आणि आत जात. एकदा वाटीभर शेंगदाणे ठेवून गेल्या.

मुली भांडत, एकमेकींची खळ पळवत, माझी नक्कल करत. मी फार बोलत नसे. पण चारच्या सुमारास फाटकाची कडी वाजली की मी खळीची वाटी पुढे ओढायचे. त्या घरात माझं असं तेवढंच होतं, आणि ते जाऊ नये म्हणून मी सालीचे तुकडे पुरवून पुरवून वापरत होते.

शेजारच्या मुलीची अडचण वेगळी होती. तिला वस्तू करायची होती आबाजींसाठी, म्हणजे आईच्या वडिलांसाठी, आणि ते नरखेडकडच्या एका खेड्यात. त्यांचा संत्र्याचा बगीचा. तोडणी सुरू झाली की ते कुठे हलत नसत.

"सालीचा तारा पोस्टात मोडन," ती म्हणाली. "अन् आबाजीच्या घरी साल काय कमी हाय?"

मग तिच्यासाठी पोस्टकार्ड ठरलं. बटाटा अर्धा कापून त्यावर मी तारा कोरला. तिने तो निळीत बुडवून कार्डावर दाबला, मधोमध. एका कोपऱ्यात हळदीचं बोट उमटवलं, ते चंद्र म्हणून. खाली पेन्सिलीने लिहिलं: "आबाजी, नाताळले या."

"नाताळला," मी म्हणाले.

"आबाजीले 'ला' समजत नाही," ती म्हणाली आणि तसंच ठेवलं.

हॉस्टेलात आम्ही भेटकार्डाचा एक कोपरा तिरपा कापून त्याशेजारी भोक पाडत असू, दोरा ओवून झाडाला टांगायला. मी म्हटलं, आता इथला कोपरा काप. तिने कात्री हातात घेतली आणि थांबली.

"कोपरा कापाचा?"

मला वाटलं, कसा कापायचा ते विचारते आहे. मी तिचा हात धरून, तिकिटाची बाजू सोडून, खालचा उजवा कोपरा कापून दिला. भोक पाडलं. गुपित म्हणून ती कार्ड फ्रॉकच्या आत लपवून पोस्टाच्या पेटीत टाकून आली.

नाताळला तीन दिवस होते. दुपारची चार-साडेचारची वेळ, मुली यायच्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, हातात पिशवीसुद्धा नाही. ते शेजारच्या घराकडे पाहत होते आणि पुढे येत नव्हते. त्या दारापुढे कुणी बसलेलं नव्हतं, तेच ते पाहत होते हे मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, आपल्याला उशीर झाला, सगळे दहनघाटावरून परतलेसुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या काकू, त्या मुलीची आई, बादली घेऊन बाहेर आल्या.

"बाबा? तुमी? तोडणी सोडून?"

ते चालत आले आणि त्यांनी काकूंचा दंड धरला. धरूनच राहिले. मग खाली पायरीवर बसले.

"मंग कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोन कुठं गेलं?"

त्यांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढलं. "कोपरा पाह्य."

पोस्टमनने कोपरा पाहिला, कार्ड हातात ठेवलं आणि वाचून न दाखवताच सायकल वळवली होती. आबाजींना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला ते थांबले नाहीत. नागपूरहून त्यांना पत्र येईल असं घर एकच होतं, लेकीचं. मिळेल ती एसटी पकडून ते निघाले होते, आणि वाटभर, लेक गेली की जावई की नात, याचा विचार करत बसले होते.

शेजारची मुलगी शाळेतून धावत आली. "आबाजी! भेटला माहा कागद! मी बलावलं तुमाले!"

काकूंचा हात वर गेला. ती आबाजींच्या पाठीमागे लपली आणि तिथून म्हणाली, "ताईनं कापाले सांगतलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर उभी होते, हातात संत्र्याच्या सालीची माळ.

"काहून वं?" काकू भिंतीजवळ आल्या. "शिकलेली नं तू? इंग्रजी फाडफाड वाचते. अन् कोपरा काहून कापत नाही, हे तुले कोनी सांगतलं नाही?"

"सॉरी," माझ्या तोंडून निघालं. त्याचा मराठी शब्द मला माहीत होता, पण तो मी कधी कुणाला म्हटला नव्हता.

"सॉरी! पाहा! माहा बाप येसटीत मेला असता अन् हे सॉरी म्हणून राहिली!"

समोरच्या घरातली बाई कार्ड उलटून पाहत होती. "अवं, हळदही लावली हाय! एका कोपऱ्याले लगन, दुसऱ्या कोपऱ्याले मयत. पोस्टमनचंही डोकं फिरलं असन." दोघी-तिघी हसल्या. मग ती बाई हसू आवरून म्हणाली, "पन म्या म्हटलं होतं, हे पोट्ट्याइले किरिस्ताव करते का काय."

त्या संध्याकाळी कडी वाजली नाही.

मामींनी मला आत नेलं आणि कणीक मळता मळता सांगितलं. कुणी गेल्याचं पत्र लिहिलं की त्याचा कोपरा फाडतात. पत्र घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. असं पत्र घरात नेत नाहीत, वाचून दाराबाहेरच फाडून टाकतात. हे सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नव्हतं. सगळ्यांना माहीतच असतं.

मी थोड्या वेळाने विचारलं, "आई गेली तेव्हा हॉस्टेलला पत्र आलं होतं का?"

मामींचे हात थांबले. "यांनी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कोपरा मीच फाडला."

मला ते पत्र कुणी दाखवलं नव्हतं. सिस्टरनी ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, इंग्रजीत, आणि एक पेपरमिंट दिलं होतं. त्यांच्या टेबलावर एक कार्ड होतं का, हे मी त्या रात्री आठवून पाहिलं. पेपरमिंटचा हिरवा कागद तेवढा आठवला.

सकाळी उठले तेव्हा आबाजी आमच्या ओट्याच्या पायरीवर बसलेले होते. एसटीला वेळ होता. भिंतीपलीकडे काकू भांडी घासत होत्या, नेहमीपेक्षा जोरात. मी दारातच थांबले.

"पोरी, वाच बरं," त्यांनी कार्ड पुढे केलं. "काल एवढा बोभाटा झाला, पन वाचलं कोनीच नाही."

मी वाचलं. "आबाजी, नाताळले या." वाचायचं म्हणून जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. 'ले' माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. कुणी हसलं नाही.

"अन् पुढं?"

"एवढंच आहे."

त्यांनी निळ्या ताऱ्यावर बोट ठेवलं. "मंग आलो नं मी," ते म्हणाले. मग कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत विचारलं, "हे असं घरात नेता येत नाही. अन् फाडवत नाही. तो तुकडा फेकला का वं?"

मी आत धावले. काड्यापेटी जमिनीवर उपडी केली. सालीचे, रंगीत कागदाचे, चिंध्यांचे कितीतरी तुकडे. पोस्टकार्डाच्या रंगाचा त्रिकोण एकच होता. मामींनी कणकेची खळ वाटीत दिली. मी पायरीवर बसून कोपरा कडेला कड लावून बसवला आणि मागून कागदाची पट्टी चिकटवली. तो किंचित वाकडा बसला. आबाजींनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि खळ वाळेपर्यंत कोपरा दोन बोटांत दाबून धरला. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आता घरात चालते," ते म्हणाले. कार्ड बंडीच्या खिशात ठेवून उठले. शेजारची मुलगी त्यांना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, तिच्या आईने पदराआडून डोळे पुसले आणि आत जाऊन दार लोटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

नाताळच्या दिवशी मी चौघींच्या वस्तू पेटीत मांडून ओट्यावर बसले. काड्यापेटीचे कप्पे, तीन माळा, खडू ठेवायला केलेला डबा. साडेचार झाले, पाच झाले. मुली समोर लंगडी खेळत होत्या, आमच्या फाटकापासून दोन घरं पलीकडे, नवी हद्द आखून दिल्यासारख्या. अंधार पडायला लागल्यावर मी पेटी आत नेली. पुढे काही दिवसांनी मामी ती घेऊन चारही घरी गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण रिकामी पेटी घेऊन परत आल्या.

मी वडिलांना कार्ड लिहायला घेतलं होतं. तारा उमटवला, आणि मग 'या' लिहायचं की 'ये' हे ठरेना. आम्ही एकमेकांना इंग्रजीत लिहीत असू. ते कार्ड वहीत राहिलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी भिंतीवर हनुवटी आली. रिबन सुटलेलीच होती.

"ताई, आई म्हणते तुह्या ओट्यावर जाऊ नको."

"बरं," मी म्हणाले.

"म्हणून मी भिंतीवर हाय." तिने पाठीमागून एक पोस्टकार्ड काढलं. "आबाजीनं मास्तरकडून लिहून घेतलं. मले आलं. घरात आनलं, आईनं खिळ्याले लावलं." तिने ते दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरून धरलं, पालथं-उलथं करून. "मोजून पाह्य. चारही हायेत."

मी ओट्यावरून, जागच्या जागी बसून, मोजले.