नज म्हणजे ढकलणं नव्हे

सोमवारी तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत गेले होते. माझी बारावीतली विद्यार्थिनी, मनीषा, पंधरा दिवस कॉलेजला आली नव्हती...

मी इंग्रजी शिकवते. ती यायची थांबली त्याच्या आदल्या दिवशी धड्यात 'नज' हे क्रियापद आलं. मुलांना सांगितलं, नज म्हणजे ढकलणं नव्हे. शेजारणीला कोपरानं हळूच ढोसायचं, तिकडे बघ ना, म्हणून... किंवा जबरदस्ती न करता एखाद्याचं मन आपल्या बाजूला वळवायचं. मग प्रत्येकाला एक वाक्य लिहायला दिलं.

मनीषानं इंग्रजीत लिहिलं होतं : पाहुण्यांसमोर आईनं मला हळूच ढोसलं आणि मी हो म्हणाले.

मी बरोबरची खूण केली. खाली 'व्हेरी गुड' लिहिलं. क्रियापद बरोबर होतं, काळ बरोबर होता... पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिचं लग्न ठरलंय, हे मैत्रिणीकडून कळलं परवाच्या शनिवारी. तेव्हा कुठे ते वाक्य मला वाचता आलं.

एसटीनं खाली सोडलं, तिथून तासभर चढण. मनीषाची आई अंगणात नाचणी झोडपत होती. मी म्हटलं, "पोरीला नर्सिंग करायचंय हो. निदान बारावीची परीक्षा तरी देऊ द्या."

तिनं काठी खाली ठेवली. रागावली नाही, उलट बसायला पोतं अंथरलं. "आमी कुठं जबरदस्ती केली, बाई? पावण्यांसमोर इचारलं व्हतं. तीच हो म्हणली."

मनीषा चहा घेऊन आली. बारीक झाली होती. मी थेट विचारलं, "तुला हवंय का हे?"

तिनं आईकडं पाहिलं. आई दोन हात लांब होती, तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

"हो मॅडम," मनीषा म्हणाली.

या वेळी कोपर लावायचीही गरज पडली नाही.

उतरताना विचार करत होते, तक्रार करायची तर कुणाची? मुलगी अठराची झालेली. कुणी हात उगारला नाही, कुणी कोंडून ठेवलं नाही. एका मुलीनं माझ्याच विषयात, माझ्याच हातात लिहून दिलं होतं, मला वाचवा म्हणून.

आणि मी तिचं व्याकरण तपासलं.