मागच्या डेकवरचं टेबल

मुलानं आम्हा दोघांना क्रूझवर पाठवलंय. जहाजावर नाश्त्याच्या चार जागा आहेत आणि रोज सकाळी मी बायकोला घेऊन त्यातली शांत जागा शोधत फिरतो. आज मागच्या डेकवर एक टेबल सापडलं. समोर नुसता समुद्र, आसपास कोणी नाही.

"इथे बरं आहे ना?"

"तुम्हाला बरं वाटलं ना, मग झालं."

ही जन्मभर चहा बशीत ओतून, फुंकर घालून पीत आली. पहिल्या दिवशी मोठ्या हॉलमध्येही तशीच प्यायली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून मला शांततेची ओढ लागली. घरी रेडिओ आणि कुकरच्या शिट्ट्यांत मजेत चहा पिणारा मी! लाजेला आपण किती सभ्य नावं देतो.

चहा आला. तिनं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कढत कप तसाच तोंडाला लावला. जीभ पोळली असणार. मला राहवेना. मी माझा चहा बशीत ओतला.

तिनं दचकून मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, नका. कोणी बघेल."