शेवटचा डबा पुलावर असताना

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. आणि आनंद झाला की तोही घरात मावत नाही. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवरचं उमरोळी स्टेशन ज्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं, त्या दिवशी मी आईला हाताला धरून ओढतच आणलं. तिने हातातली मेथीची जुडी काही सोडली नाही. स्टेशन बघितलं, आपलं घर कुठाय म्हणून विचारलं, आणि ते अजून बांधलं नाही म्हटल्यावर मेथी निवडायला परत गेली.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे रेल्वे चालवायचा खेळ. पण मला वेड चालवण्याचं नाही, लाईन बांधण्याचं. बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी दिवसभर नमुने तपासते, आणि बसमधून उतरून घरी आले की चहाचा कप घेऊन बोईसर ते वैतरणा रूळ टाकत बसते. वय विचाराल तर पस्तिशी उलटली आहे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे सगळं चाललं होतं बाबांसाठी. बाबा मालगाडीचे गार्ड होते, म्हणजे उभी नोकरी शेवटच्या डब्यात. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार असतानाच म्हणाले, "आयुष्यभर रूळ मागे जातानाच बघितले. समोरून येताना एकदा बघायचे होते." सगळे हसले. मला हसू आलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की बाबांना एकदा पुढच्या खिडकीत बसवायचं, वैतरणेच्या पुलावरून न्यायचं, आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं की हीच आपली लाईन. पूलच का, तर त्यांच्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. कशी झाली विचारलं की "पुलावर पडलो" एवढंच सांगायचे, पुढे एक शब्द नाही.

लाईन बांधताना खरी गंमत आहे ती वेगाच्या आकड्यांत. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला सांगावं लागतं, इथून इथपर्यंत गाडीने इतक्याच वेगाने जायचं. मी आधी आळस केला आणि अख्ख्या लाईनीला शंभरचा आकडा ठोकून दिला. खेळातली मालगाडी बिचारी आज्ञाधारक. बोईसरला बाजूच्या रुळावर वळतानाही शंभरनेच वळली आणि फलाटावर आडवी झाली. हसून हसून माझं पोट दुखलं. मग अक्कल आली. वळणाला वेगळा आकडा, यार्डात वेगळा, गाडी रूळ बदलते तिथे तर फारच कमी. एक आकडा बदलायचा, गाडी पुन्हा सोडायची आणि बघायचं. ती नेमकी वळणाआधी हळू झाली की मी खुर्चीतच उडी मारायचे. शप्पथ, असला आनंद मला पगारवाढीच्या पत्रानेही दिलेला नाही.

कुठे किती वेग द्यावा हे मी इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबा ओटीवर बसून गाडीचा आवाज ऐकायचे आणि पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे की पालघर सोडल्यावर मालगाडी एवढी पळत नाय. मी वेग कमी करायचे, आवाज बदलायचा, आणि ते पान उलटायचे. पण आत येऊन बघा म्हटलं की उत्तर ठरलेलं, खेळ हाय तो, तूच खेळ. असा संताप व्हायचा माझा!

पुलावर मी जीव ओतला. बाबांच्या वेळी कधीतरी पुलाचं काम चालू होतं आणि गाड्या तीसने जात, एवढं मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. म्हणून पुलाला तीसच दिले. पूल जिथे संपतो, बरोबर तिथेच तीस संपवले आणि रुळाशेजारी पिवळी पाटी रोवली. इंजिन पाटीपाशी आलं की वेग वाढवायला मोकळं. एक हातभरही चूक नव्हती. मी स्वतःवरच खूश होते.

एका रविवारी दुपारी बाबा स्वतःहून आत आले, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसले. कुठलं बटण कशाचं ते मी दाखवलं. उमरोळीच्या आधी त्यांनी शिट्टी वाजवली, मग पुन्हा एकदा उगाचच वाजवली. समोरून रूळ धावत येत होते आणि बाबा पुढे पुढे सरकत होते. सफाळ्याच्या पुढे पूल दिसला तेव्हा आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी वेग बरोबर तीसवर आणला. खालून खाडी सरकत होती. पूल संपला, पाटी मागे गेली, पडद्यावर वेगाची मर्यादा तीसवरून पंचाहत्तरवर गेली. गाडी मात्र तीसवरच.

मी म्हटलं, आता वाढवा. बाबा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत राहिले. मी पुन्हा सांगितलं. तरी ढिम्म. इतके महिने खपून बांधलं आणि ह्यांना पाटीसुद्धा दिसत नाही, म्हणून माझा पारा चढला. मी स्वतःच वेग वाढवायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब बाय. शेवटचा डबा पुलावर हाय अजून."

"खेळ आहे हा, बाबा. मागे कोणी नाही."

"मागे मी हाय ना."

त्यांचा दुसरा हात हनुवटीवर गेला होता. पुढे इंजिनवाल्याने घाई केली की लांब गाडीच्या शेपटाला कसा झटका बसतो, हे मला तेव्हा कळलं. ते पुटपुटत होते ते डबे होते. मोजून संपले तसा त्यांनी हळूहळू वेग वाढवला, गाडी वैतरणा स्टेशनात आणून उभी केली आणि चष्मा काढला.

"लाईन आपलीच हाय," ते म्हणाले. "पाटी चुकलीय."

माझे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. मी पाटी उपटली आणि एक अख्खी मालगाडी मावेल एवढी पुढे नेऊन रोवली.